विचुंब्याचा पंप चालतो

विचुंब्यात बिडाचा हातपंप एक, हंडे बावीस, बायका सतरा आणि पाहणी समितीचे आम्ही तिघे: कमलाकर साहेब, टंकलेखिका पद्मजाबाई आणि विज्ञान शाखेचा पदवीधर म्हणून मी. १९९२ चा एप्रिल. पंप चालतो की नाही, एवढंच ठरवायचं होतं. चालत असेल, तर गावाचा टँकर बंद होणार होता.

"चालत नाय, साएब," भामा म्हणाली. "शिमग्यापासून थेंब नाय."

"दांडा हलतो ना?"

"त्यो हलतो."

साहेबांनी चष्मा पुसला. "घड्याळ चालतं, ते कुठे जात नाही. दुकान चालतं, ते जागचं हलत नाही. खटला वीस वर्षं चालतो, त्यातून काही निघत नाही. चालण्यासाठी पाणी यायलाच हवं, असं कुठल्या अर्थात आहे?"

"मंग तुमच्या घरचा नळ बी असाच चालतो का?"

बायका हसल्या. साहेबांनी हास्याची दखल घेतली नाही.

कोरड्या पंपात वरून पाणी ओतलं, की कधी कधी तो खालचं पाणी ओढू लागतो. तशी चाचणी घेण्याचं मी सुचवलं. पाणी फक्त भामाच्या हंड्यात होतं, टँकरचं.

"ह्ये प्यायाचं हाय."

"तपासणी शास्त्रीय आहे," साहेब म्हणाले.

मी लिटरच्या खुणा असलेल्या बादलीने मोजून हंडा पंपात रिकामा केला. भामाचा नवरा शिवा दांड्याला लोंबकळला. पंप खोकला, गुळगुळला आणि बादलीत धार पडली. मग नुसती हवा.

"आलं!" साहेब ओरडले.

"साहेब, हे तिचंच पाणी परत आलं," पद्मजाबाई हळूच म्हणाल्या.

"पाण्यावर नाव नसतं, बाई. लिहा, पंप चालतो. चालेल ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पद्मजाबाईंकडे पाहिलं.

"चालेल," आम्ही दोघं म्हणालो.

"आनि आमी?" भामाने विचारलं.

"तुमचंही चालेल," साहेब जीपमध्ये बसता बसता म्हणाले. "इतकी वर्षं चाललंच ना?"

सोमवारपासून टँकर नवीन पनवेलकडे वळवण्यात आला.

पंपात ओतलेलं पाणी: बारा लिटर. बाहेर आलेलं: नऊ लिटर. नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीच्या टाकीतली पातळी, सोमवार, संध्याकाळी सहा वाजता: एकशे ऐंशी सेंटिमीटर, काठोकाठ.