रशीदचाचांना बरोबरी मान्य नाही

कळंबच्या बाजारात रशीदचाचांशी बुद्धिबळ खेळायला बसणाऱ्याने घरी ‘जेवायला थांबू नका’ असं सांगून यावं. पटावर दोन राजे आणि मूठभर प्यादी उरली, की कुठलाही शहाणा माणूस हात पुढे करून ‘बरोबरी’ म्हणतो. चाचा त्या हातात चहाचा कप देतात.

“घाई कुणाला हाय? डावात अजून लई जीव हाय.”

चाचांचं बारदान्याचं दुकान आहे. रिकाम्या पोत्यांची थप्पी हीच बैठक, त्यामुळे हरून उठणाऱ्याच्या विजारीला सुतळीचे तंतूही चिकटलेले असतात. मी शेजारच्या बँकेत नोकरीला आहे आणि माझ्या सगळ्या विजारी तशा आहेत.

चाचांना वजिराची माया नाही. वजिराच्या बदल्यात वजीर मारून ते लवकर मोकळे होतात. “दंगा मिटला, आता बोलू,” म्हणतात. मग कपाळावरचा चष्मा नाकावर येतो आणि पोत्यातलं भोक शोधावं तसे ते समोरच्याची प्यादी तपासू लागतात. आजूबाजूला आधार नसलेलं एखादं प्यादं दिसलं, की त्यांना मनापासून वाईट वाटतं.

“च् च्. ह्याला शेजार न्हाय हो, साहेब.”

एवढी हळहळ झाली, की आपला राजा त्याला खायला पाठवतात.

मी माझा राजा घेऊन राखणीला धावतो. तोवर चाचांनी पटाच्या दुसऱ्या टोकाला माझं आणखी एक दुबळं प्यादं हुडकलेलं असतं. “एक दुखणं माणूस सांभाळतो. दोन झाली की पळापळ व्हती.” माझा राजा इकडून तिकडे पळत राहतो आणि चाचांचं एक मरतुकडं प्यादं सावकाश चालत जाऊन वजीर होतं.

दुकानाचा एक कायदा आहे. अर्धा राहिलेला डाव मोडायचा नाही. पटावर टोपलं पालथं घालायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं खेळायचं.

चाचांना पुरून उरले ते एकटे कांबळे गुरुजी. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी यायचे.

“चाचा, ही बरोबरी हाय. लहान पोरालाबी कळंल.”

“मग मोठ्या माणसानं बसावं की जरा.”

आणि गुरुजी बसायचे.

गेल्या उन्हाळ्यात गुरुजींच्या गुडघ्यांनी दगा दिला. मुलगा त्यांना कायमचं पुण्याला न्यायला आला. निघायच्या दिवशी दुकानासमोर गाडी लावून तो थांबला आणि गुरुजी आदल्या दिवशीचा डाव पुरा करायला आले. त्यांचं कडेचं प्यादं एकटं पडलं होतं आणि चाचांचा राजा त्याला खेटून उभा होता. प्यादं घेतलं की डाव संपला, हे मलासुद्धा दिसत होतं, म्हणजे बघा.

चाचांनी राजा मागे नेला. गुरुजींनी आपला राजा एक घर सरकवला. चाचा परत जवळ आले आणि परत मागे गेले. मला राहवेना.

“चाचा, घ्या की ते प्यादं.”

“घाई कुणाला हाय?” चाचा म्हणाले, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

बाहेर हॉर्न वाजला. गुरुजींनी हात पुढे केला. “आता तरी बरोबरी धरा, चाचा.”

या वेळी चाचांनी चहा दिला नाही. तो हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. “न्हाय, गुरुजी. डाव अर्धा हाय.” मग पटावर टोपलं पालथं घातलं. मला बँकेत परतायचं होतं, पण पाय निघेना.

तेव्हापासून चाचा कुणाशी खेळत नाहीत. “पट गुंतलाय,” म्हणतात. मी नवा पट आणून दिला, तो अजून पिशवीतच आहे. सकाळी दुकान उघडलं, की ते टोपलं उचलतात, सोंगट्यांवरची धूळ पुसतात आणि एकेक प्यादं होतं त्याच घरात ठेवतात.

परवा मी तिथं असतानाच गुरुजींचा फोन आला. चाचांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन सगळा बाजार ऐकतो.

“हरलो मी, चाचा. मोडा आता तो डाव.”

चाचांनी टोपलं जरा उचलून आत पाहिलं.

“तुमची चाल हाय, गुरुजी. हितं येऊन करा.”