तीन डोकी, तेरा हेल्मेटं

सकाळी सहाला सुरुचीने दार सरकवलं आणि तिचा पाय थेट हेल्मेटवर पडला. पिवळं, कडक, नवं कोरं हेल्मेट. त्याच्या शेजारी दुसरं, मागे तिसरं. ओट्यावर रचून ठेवलेली तेरा हेल्मेटं आणि तेरा लाल पिशव्या. प्रत्येक पिशवीत टॉर्च, शिट्टी, पाण्याच्या बाटल्या आणि गरम पाणी ओतून खायचा कोरडा भात. वर चिठ्ठी होती, 'दाबके कुटुंब, तेरा जण.'

"आई! आपण घरात किती जण आहोत?"

"सकाळी सकाळी काय प्रश्न आहे हा? तीन." आतून चित्राचा आवाज आला.

"मग नगरपालिकेला सांग. त्यांच्या मते आपण क्रिकेटची टीम आहोत. बारावा गडी आणि अंपायर धरून!"

२०११च्या मोठ्या भूकंपानंतर जपानच्या या भागातल्या नगरपालिकेने माणशी एक हेल्मेट आणि एक पिशवी द्यायची पद्धत पाडली होती. वाडीत नवं माणूस आलं की डोकी मोजायची आणि सामान पोचवायचं. दाबके कुटुंब कोरोनाच्या साली, जुलैत इथे आलं होतं. चारुदत्तचं ऑफिस घरून सुरू झालं आणि शहरातल्या निशी-कसाई वस्तीच्या दोन खोल्यांत त्याचा जीव घुसमटायला लागला. तेवढ्यात त्याला ओस पडलेल्या घरांची वेबसाइट सापडली. डोंगरातलं घर, मागे बांबूचं बन, भाडं जवळपास नाहीच. 'निसर्ग!' असं ओरडून त्याने बायकोला आणि मुलीला उचललं आणि ओकुदानी नावाच्या वाडीत आणून टाकलं. वाडीत एकतीस घरं होती. त्यातल्या सहा घरांत संध्याकाळी दिवा लागायचा, आणि सहावं घर यांचंच.

सुरुचीला निसर्गाचा संताप होता. ती सतरा वर्षांची. अकरावीत तिने शाळा सोडली, का शाळेने तिला सोडलं, यावर घरात दोन मतं होती. पण खाली स्टेशनजवळच्या कोंबिनीत, त्या चोवीस तासांच्या दुकानात, तिने स्वतः जाऊन अर्धवेळ काम मिळवलं होतं, आणि तिथे तिच्याबद्दल एकच मत होतं. काउंटरमागच्या सिगरेटींचे दोनशे नंबर तिला दोन आठवड्यांत पाठ झाले होते. मालकाने सांगून ठेवलं होतं, "अठराची झालीस की सकाळची पाळी तुझ्या हाती." आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी तिच्या हाती काहीतरी देणार होतं.

तिथे जायला वाडीतून एकच बस होती, सहा चाळीसची. आणि त्या बसचंच आता खरं नव्हतं. एक ऑक्टोबरला वाडीत वीस माणसं भरली नाहीत, तर बस खालच्या पुलावरूनच परत फिरणार, असं नगरपालिकेने कळवलं होतं. पुलापर्यंत चालत दीड तास.

हे सगळं सुरुचीला माहीत होतं. पण राग आला की तिला माहीत असलेलं काहीच आठवत नसे. त्यात चिठ्ठीच्या मागे आणखी एक ओळ होती, 'रविवारी गवतकापणी. दर तीन माणसांमागे एक ओळ. दाबके: चार ओळी.' एक ओळ म्हणजे शेताच्या बांधापासून देवळापर्यंतचा अख्खा उतार. ती हेल्मेट काखेत मारून शेजारी हात्सुए आजीकडे गेली. वाडीत निम्म्या दारांवर एकाच आडनावाची पाटी असल्याने त्या घरांतल्या माणसांना सगळे नावानेच हाक मारत.

हात्सुए आजी ब्याऐंशीची होती. दारात तिच्या चपलांशेजारी पुरुषी स्लिपरचा मोठा जोड नेहमी मांडलेला असे.

"आजी, नगरपालिकेला आमचा आकडा कोणी सांगितला?"

"मी," आजी मुळा किसता किसता म्हणाली. "साथीमुळे ते घरोघर येत नाहीत. फोनवर शेजाऱ्याला विचारतात. मी म्हटलं, तेरा."

"तेरा कुठून आणले?"

"मोजले. ऑगस्टमध्ये दहा दिवस रोज संध्याकाळी तुमच्या घरात सगळे मिळून टाळ्या वाजवून गात नव्हते? मी अंगणात बसून बोटं मोजली. जाड आवाजाचे चार, बायका सहा, खोकणारा म्हातारा एक. तू आणि तुझा बाप गात नाही, दोघं नुसतेच उभे राहता. झाले तेरा."

सुरुचीने कपाळावर हात मारला. गणपती! यंदा कोणाला कोणाकडे जाता येत नव्हतं म्हणून आईने मोठा टीव्ही लावून पुण्याची, ठाण्याची, नागपूरची मंडळी रोज एकाच कॉलवर आरतीला उभी केली होती. प्रत्येकाचं नेट वेगळं, प्रत्येकाचं कडवं वेगळं. खोकणारे आजोबा होते नागपूरचे.

"अहो, ती माणसं टीव्हीत होती!"

"असं कसं? एक बाई तर अजून रोज सकाळी ओरडत असते. ती तुझी आई नव्हे. आईचा आवाज मी ओळखते."

"ती आत्या! पुण्यात असते! ती फोनवरही पुण्याहून थेट ऐकू जावं असंच बोलते!"

"मग असेल पुण्यात," आजी शांतपणे म्हणाली. "माझा मुलगा मिनोरू खाली गावात असतो. पण स्लिपर इथे आहेत ना? म्हणजे इथलाच."

या हिशेबापुढे सुरुचीचं डोकं चालेना. ती तशीच तडतडत वाडीप्रमुख मोरिता-सानकडे, म्हणजे मोरितारावांकडे, गेली.

"मोरिता-सान, आकडा चुकलाय. आम्ही तीन आहोत. आत्ता फोन करा आणि दुरुस्त करून घ्या."

सत्त्याहत्तर वर्षांच्या मोरिता-सानने तिला चहा दिला. मग एक कागद काढला. "वाडीतले आम्ही तेरा. तुम्ही तेरा. सव्वीस. तुम्ही तीन झालात तर सोळा."

"मग?"

"मग बस पुलावरून परत."

सुरुचीने चहाचा घोट घेतला, तोंड भाजून घेतलं, आणि कप ठेवला. "तुम्ही तेरा? मला तर सातच माणसं दिसतात इथे."

"बाकीचे येऊन-जाऊन असतात," मोरिता-सान खिडकीबाहेर बघत म्हणाला.

घरी चारुदत्तने सगळं ऐकलं आणि चष्मा पुसला. ही वाईट खूण होती. "हे सरळसरळ खोटं आहे. मी आज मेल टाकतो."

"टाका! आणि मग मला खांद्यावर बसवून पुलापर्यंत सोडा रोज. निसर्गातून!"

"सुरु, तत्त्वाचा प्रश्न आहे."

"बाबा, मला विचारलं होतं इथे आणताना? तेव्हा कुठे होतं तत्त्व? मला एक गोष्ट धड जमतेय, ती पण तुम्ही—"

"चारू, राहू दे मेल," चित्रा मधेच म्हणाली. तेवढ्यात फोन वाजलाच.

नगरपालिकेतले कुरोदा-सान होते. आवाज आनंदाने भरून आला होता. ओकुदानीची लोकसंख्या बत्तीस वर्षांत पहिल्यांदा वाढली होती. नगरपालिकेच्या मासिकाला पहिल्या पानावर दाबके कुटुंबाचा फोटो हवा होता. तेराच्या तेरा जण, हेल्मेट घालून. रविवारी, गवतकापणीच्या वेळी, ते स्वतः येणार होते, आणि आलेच आहेत तर अख्ख्या वाडीची डोकीही मोजून जाणार होते.

चारुदत्तने नकार द्यायला तोंड उघडलं. पण गेली दहा वर्षं जपानी ऑफिसात काम करून त्याच्या तोंडाला एक सवय लागली होती. तो जपानी होकार देत म्हणाला, "हाय! आभारी आहे!"

"धन्य!" सुरुची ओरडली.

रविवारी सकाळी वाडी देवळापाशी जमली. सात म्हातारे-म्हाताऱ्या आणि तीन दाबके.

"तेरा भारतीय आणि तेरा जपानी दाखवायचे आहेत," सुरुची म्हणाली, "आणि माणसं आहेत दहा. हे कोणत्या डोक्याने ठरवलंत?"

"मास्क आहेत," मोरिता-सान म्हणाला. त्याने सगळं ठरवलं होतं. "हेल्मेट आहेत. मधे डोळे तेवढे राहतात. आम्ही आधी वरच्या उतारावर आम्ही म्हणून उभे राहू. कुरोदा-सान रस्त्याने वळसा घालून खाली येईपर्यंत दहा मिनिटं जातात. आम्ही गोदामामागून उतरू आणि खाली तुम्ही म्हणून उभे राहू."

"तुमच्यात सगळ्यात तरुण माणूस बहात्तरचा आहे!"

"म्हणून तर रस्ता उताराचा निवडला."

चित्राने गोदामात कपड्यांची बोचकी आणून ठेवली. चारुदत्तचे कुर्ते, ओढण्या, आणि हात्सुए आजीने स्वतः निवडलेली जांभळी साडी.

"तरी तीन कमी पडतात," चारुदत्त पुटपुटला. मेल न टाकल्यापासून तो पडेल आवाजात बोलत होता.

"त्यांना ताप आलाय म्हणू," चित्रा म्हणाली.

"ताप? या दिवसांत? अख्खी वाडी कोंडून घालतील! काहीतरी दुसरं शोध."

कुरोदा-सान नऊ वाजता आले. साठीला टेकलेले, सूट-टाय, गळ्यात कॅमेरा, हातात यादी. वरच्या उतारावर त्यांनी सात माणसं मोजली. बाकीचे सहा मश्रूम शोधायला रानात गेल्याचं मोरिता-सानने सांगितलं. कुरोदा-सानने तसं लिहून घेतलं आणि ते रस्त्याला लागले. त्यांची पाठ वळताच सात जण कोयते टाकून गोदामाकडे निघाले. कोणी काठी टेकत, कोणी ढुंगणावर घसरत. सुरुचीने एकाला पाठीवर घेतलं.

खाली कुरोदा-सान पोचले तेव्हा दहा भारतीय रांगेत उभे होते. सात जणांना जोराची धाप लागली होती.

"तीन कुठे आहेत?"

"मश्रूम शोधायला गेलेत," सुरुची म्हणाली.

"रानात आज बरीच गर्दी आहे," असं म्हणून कुरोदा-सानने तेही लिहून घेतलं.

मग ते एकेकासमोर उभे राहू लागले. कुर्त्यातल्या मोरिता-सानने हात जोडून "नमस्ते" म्हटलं. दोन दिवस घोकलं होतं. पुढे जांभळी साडी होती, शेतावरच्या पॅंटवर गुंडाळलेली, पदर हेल्मेटच्या पट्ट्यात खोचलेला.

"या कोण?"

"माझी नंदिनी आत्या. पुण्याची."

आत्याने कमरेतून काटकोनात वाकून नमस्कार केला. सुरुचीने डोळे मिटले. पुण्याची माणसं एवढी वाकत नाहीत.

कुरोदा-सान बराच वेळ त्या साडीकडे बघत राहिले. आत्याही त्यांच्याकडे बघत होती, आणि तिला ते सोसवेना.

"एवढ्या गारठ्यात स्वेटर न घालता आलास?" आत्या अस्सल जपानीत कडाडली. "सूनबाईला काही कळतं का?"

कुर्तेवाल्यांनी एकसाथ माना खाली घातल्या.

"आई," कुरोदा-सान हळूच म्हणाले, "हे काय नेसलीयेस तू?"

चारुदत्त माफी मागायला वाकला. त्याला बघून कुर्तेवालेही भराभर वाकले. आणि सुरुचीचा तोल सुटला.

"कोणी माफी मागायची नाही! हो, आम्ही तीनच आहोत! लिहा! बाकीचे पुण्याला आहेत, टीव्हीत होते, तुमच्याच आईने मोजलेत! आणि तुम्ही एवढ्या आनंदात होतात, एकदा येऊन बघावंसं नाही वाटलं? माणसं कमी म्हणून बस बंद करणार. बस नाही म्हणून उरलेली माणसं निघून जाणार. मग म्हणणार, बघा, बंद केली ते बरंच झालं! ही ऐंशीची माणसं ढुंगणावर घसरत खाली आलीत तुमच्या बससाठी! मी रोज त्या बसने जाते. मला—"

ती थांबली. बोलता बोलता तिची नजर त्यांच्या हातातल्या यादीवर गेली होती. घर क्रमांक चार. राहणारे दोन: हात्सुए, मिनोरू. मग नजर वर सरकली, त्यांच्या खिशावरच्या बिल्ल्याकडे. कुरोदा मिनोरू.

"मिनोरू-सान," ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही इथेच राहता?"

कुरोदा-सानने यादी छातीशी धरली.

"स्लिपर बघितल्यात मी. मोठ्या आहेत. म्हणजे त्या सहा मश्रूमवाल्यांतले एक तुम्हीच ना?"

"आई एकटी असते," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "नाव काढलं तर तिला वाईट वाटेल. आणि बाकीच्यांचंही... सगळ्यांची पोरं माझ्याच वर्गातली."

ते खाली बांधावर बसले. पेन काढलं. मग दाबक्यांच्या तेरावर रेघ मारली आणि वर सात लिहिलं. "तेरा आणि सात. वीस. याहून मला काही दिसलं नाही."

"म्हणजे चार जण आमच्याकडे टीव्हीत राहतात?" चारुदत्तने क्षीण आवाजात विचारलं.

"आत्याला ठेव रे," चित्रा म्हणाली. "नाहीतर तिचं हेल्मेट परत मागितलं म्हणून वर्षभर ऐकवेल."

मोरिता-सान कुर्त्याने डोळे पुसत होता. सगळं मिटलं असं बाकीच्यांना वाटलं. सुरुचीला वाटलं नाही. ती गोदामात गेली आणि कोयता घेऊन आली. तिने तो कुरोदा-सानसमोर धरला.

"दर तीन माणसांमागे एक ओळ. कागदावर तेरा, म्हणजे वाडीला चार ओळी. हे सात जण त्या चारही ओळी कापतात, तुमच्या सहा जणांच्या वाटणीच्या सुद्धा. किती वर्षं झाली?"

"एकवीस," हात्सुए आजी म्हणाली.

कुरोदा-सानने आईकडे पाहिलं. मग टाय सोडली, सूटचा कोट घडी करून बांधावर ठेवला आणि कोयता घेतला. दुपारपर्यंत ते पहिल्या ओळीच्या मध्यावर होते, आणि जांभळी साडी मागून येत म्हणत होती, "मुळाशी काप, मुळाशी! वरवर हजामत काय करतोस?"

मासिकात फोटो आला नाही. बस आली. ऑक्टोबरातल्या पहिल्या सोमवारी सहा चाळीसला सुरुची चढली तेव्हा आत नेहमीसारखंच कोणी नव्हतं. ड्रायव्हरने आरशातून मागच्या रिकाम्या बाकांकडे पाहिलं.

"वीस माणसांची वाडी म्हणे. आणि बसला रोज तू एकटीच?"

"बाकीचे मश्रूम शोधतायत," सुरुची म्हणाली आणि खिडकीपाशी जाऊन बसली.