दिवेलागणीची कात्री

बळीरामकाका चाकू कुणाच्या हातात देत नाहीत. जमिनीवर ठेवतात, एक पाऊल मागं सरतात आणि म्हणतात, "उचला." हातात दिला की भांडण होतं, अशी त्यांची पक्की समजूत. परत घेतानाही तेच, तुम्ही खाली ठेवायचा, ते उचलणार. समोरचा माणूस शिडीवर चढून पंख्याशी झटत असला तरी चाकूसाठी त्याला खाली उतरावं लागतं.

चाकू म्हणजे साधा चाकू नव्हे. त्यांच्या वडिलांनी हैदराबादेहून आणलेला, शिंगाच्या मुठीचा. पोटात सगळा संसार: पाती, पेचकस, दाभण, डब्याचं झाकण उघडायचा आकडा आणि एक चिमुकली कात्री. काका पूर्णा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. ते रिटायर झाले, चाकू काही झाला नाही. कमरेच्या कापडी पिशवीत तो कायम. कुकरचा दांडा, चष्म्याचा स्क्रू, पोरांच्या पायातला काटा, सगळं त्याच्यावर. पेरूही त्यानंच कापायचे, मध्ये फक्त पँटीला पुसायचे. मी शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा एकदा जंतूंवर त्यांना चांगलं ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं, खामखा घाबरतीस म्हणाले आणि पेरूची फोड पुढं केली.

सुमनकाकू शिवणकाम करायच्या. दिवेलागणीला मशीनवर बसल्या की हाक यायची, "अवो, कात्री." घरात चांगली मोठी कात्री होती, पण दोरा तोडायला त्यांना हीच लागायची. काका चाकू जमिनीवर ठेवायचे, त्या उचलायच्या. एवढी काळजी घेऊनही दोघं रोज भांडायचे. आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळं मला ती भांडणं पाठ आहेत.

मागच्या वर्षी काकू गेल्या. घाटावर तिरडीची सुतळी कापायला कुणी काही आणलंच नव्हतं, असं आमच्या ह्यांनी सांगितलं. सगळे एकमेकांकडं बघत उभे. शेवटी काकांनी पिशवीतून चाकू काढला आणि स्वतःच्या हातानं सुतळी कापली. तो तिथंच टाकून द्या, लोक म्हणाले. काकांनी नदीत धुतला, पँटीला पुसला आणि घरी आणला.

झालं. त्या दिवसापासून गल्लीत त्यांना कुणी बोलावीना. आमच्या सासूबाईंनी तर फर्मानच काढलं, मसणात गेलेलं हत्यार ह्या उंबऱ्याच्या आत न्हाई. काका सवयीनं दारोदार विचारायचे, काही ढिलं हाय का? लोक म्हणायचे, सगळं घट्ट आहे. गल्लीतलं झाडून सगळं सामान एकाएकी मजबूत झालं.

मग परवा काका फाटकाशी भेटले आणि भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाले, की ती अजून कात्री मागती. चाकू मिटून मशीनपुढं ठेवला की दिवेलागणीला कात्री आपोआप उघडती. मी मनात म्हटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. पण राहवेना, बघायला गेले.

मशीनवरचं झाकण काढलेलं होतं आणि सुईत दोरा ओवलेला. काकांनी चाकू मिटला, मला दाखवला, फरशीवर ठेवला आणि मागं सरले. "उचल," ते हळूच म्हणाले. मला नव्हे.

मग काकांनी चहा आणला, नुसता पाक. बाहेरचा उजेड उतरला, समोरच्या घरात दिवा लागला. आणि टक्. कात्री वर आली, मशीनकडं तोंड करून.

विज्ञान कुठल्या कुठं गेलं, तोंडातून देवाचं नाव तेवढं निघालं.

जरा वेळानं धीर करून मी चाकू उचलला. कात्रीचा खिळा हलत होता, स्प्रिंग दमलेली. माझा जीव भांड्यात पडला आणि मी लगेच मास्तरीण झाले. ऊन उतरलं की लोखंड आकसतं, त्यात हा खिळा ढिला, म्हणून कात्री उडते, असं सगळं समजावलं. स्टेशन रोडवर नेला तर बसल्या जागी ठोकून देतील, हेही सांगितलं.

काका म्हणाले, "आज दिवसभर ढग होते, बाई. ऊन कुठं होतं?"

मी खिळाच पुन्हा हलवून दाखवला.

"अन् खिळा ढिला हाय, हे मला ठाव न्हाई का? साऱ्या गल्लीचं घट्ट केलंय म्या. हे घट्ट केलं, तर दिवे लागल्यावर ह्या घरात आवाज कशाचा व्हायचा?"

रीतीप्रमाणं चाकू खाली ठेवायला मी वाकले, तर काकांनी तळहात पुढं केला.

"हातात दे."

"भांडण होतं ना, काका?"

"होऊ दे की. वर्ष झालं, माझ्याशी कुणी भांडलंच न्हाई."

मी चाकू त्यांच्या हातात ठेवला. मग पदर खोचला आणि म्हणाले, "बरं झालं विषय निघाला. तुम्ही बसवलेला आमच्या कुकरचा दांडा पार खिळखिळा झालाय. ह्याला काय काम म्हणायचं?"

काका ताडकन उठले. माझं काम अन् खिळखिळं? लय बोलायलीस तू, आत्ताच्या आत्ता आण तो कुकर, म्हणाले. वर्षभरात त्यांचा आवाज एवढा चढलेला मी ऐकला नव्हता. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

घरी येऊन कुकर पाहिला. दांडा घट्ट, जरा म्हणून हलेना. मी सुरीचं टोक स्क्रूत घातलं आणि उलटं फिरवायला लागले. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय करायलीस?"

"ढिला करायलेय. काकांकडं न्यायचाय."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला. त्यांच्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

"ऐकलंस का? माझ्या कामाला नावं ठेवायली ती."

सासूबाई ऐकत थांबल्या. मग आत गेल्या आणि सांडशी घेऊन आल्या. माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "हिचाबी खिळा ढिला कर."