एक रिहाब, बारा यजमान

माणसांची व्यवस्था लावावी तर ती आम्हीच! बहरीनमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात मी, नजीब, चौदा वर्षं क्लार्क आहे. आजवर माझ्या हातून एक कागद हरवलेला नाही.

आमची फिजा तिथेच शिकते. तिने आणि तिच्या अकरा दोस्तांनी एक मोठं काम अंगावर घेतलं: सुदानमधल्या लढाईत घर गेलेल्या एका मुलीला आपल्याकडे शिकायला आणायचं. सहा महिने पोरं कँटीनबाहेर टेबल मांडून सह्या गोळा करत होती. मॅनेजमेंटच्या मागे लागून फी माफ करून घेतली, हॉस्टेलची खोली मिळवली, व्हिसासुद्धा झाला! मुलीचं नाव रिहाब. आता फक्त प्रवेशपरीक्षा बाकी होती. ती चुकली तर जागा गेली.

"पहिला आठवडा माझ्यावर सोडा," मी म्हणालो. "मिनिटामिनिटाचं टाइमटेबल करतो!"

"अब्बा, तिला श्वास घ्यायला तरी वेळ ठेवा," फिजा म्हणाली.

"ठेवलाय ना! सव्वाअकरा ते साडेअकरा. सोबत तुझी मैत्रीण विशाखा."

रिहाब आली. एक छोटी बॅग, निळा स्कार्फ, शांत चेहरा. बारा जणांनी तिला नव्या नवरीसारखं घेरलं. पहिल्याच दिवशी ती दुपारचं तीनदा जेवली, कारण तीन घरांतून डबे आले होते. त्यातला एक माझ्या बायकोचा, चार माणसांना पुरेल एवढं मटण आणि वर तांदळाच्या भाकऱ्या. बारा जणांतल्या सागरने तिला लायब्ररी दाखवली. पुढच्या तासाला विशाखाने तीच लायब्ररी पुन्हा दाखवली! रिहाब प्रत्येकाला अरबीत "शुक्रन", म्हणजे धन्यवाद, म्हणायची. तिसऱ्या दिवशी तो शुक्रन उन्हाळ्यातल्या नळासारखा बारीक झाला.

गुरुवारी चारला परीक्षा. अडीचला सागरचा फोन.

"अंकल, रिहाब तुमच्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे? दोन ते तीन तुझी पाळी!"

"मला वाटलं, विशाखाने थांबवून घेतलं."

विशाखाला वाटलं होतं, फिजाने. खलास!

ग्रुपवर मेसेज पडला, "रिहाब दिसत नाही." पाच मिनिटांत त्याचं "रिहाब आजारी" झालं आणि दहा मिनिटांत "रिहाब विमानतळावर"! बारा जण बारा वाटांनी सुटले. मी गाडी काढून आधी जुफैरचा सगळा भाग पालथा घातला, मग बुदैयाकडे धावलो, कारण कोणाला तरी तिथे निळा स्कार्फ दिसला होता. तो निघाला शेतातल्या बुजगावण्याचा!

चारला दोन मिनिटं असताना मी धापा टाकत परीक्षेच्या हॉलपाशी पोचलो. बाकीचेही तिथे जमले होते आणि फिजा रडवेली उभी होती.

"अब्बा, मॅनेजमेंटला आता काय तोंड दाखवायचं?"

तेवढ्यात घंटा झाली, हॉलचं दार उघडलं आणि पहिली बाहेर आली ती रिहाब!

"पेपर बरा गेला," ती म्हणाली.

"गेला? अगं, परीक्षा चारला आहे!"

"चारला संपते, अंकल. सुरू दोनला होते. परीक्षेच्या पत्रात आहे."

मी पत्र पाहिलं. होतं खरं.

"मग आम्हाला सांगितलं का नाहीस?" सागरने विचारलं.

रिहाब जरा घुटमळली. "सांगितलं असतं तर तुम्ही सगळे सोबत आला असता. आत फक्त परीक्षा देणाऱ्यांनाच सोडतात."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. तिच्या शेजारच्या बाकावर बसू द्यावं, असा माझा अर्ज तेव्हा माझ्या खिशात होता. सही-शिक्क्यासह!