इनासकाका कीबोर्डला हात लावत नाहीत

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, पण त्याला बोटही न लावणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आमच्याकडे येतो. नंदाखाल गावचे इनासकाका. टेलिफोन खात्यातून निवृत्त, घरी एकटेच. येतात, हात पाठीमागे बांधून खुर्चीमागे उभे राहतात आणि हुकूम सोडतात. "मशीन मालकाचाच हात ओळखतं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. चहा विचारला, तर "ड्युटीवर चहा नाय!" आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये त्यांचं 'इन्स्पेक्टर' हे नाव मीच रूढ केलेलं.

त्या दिवशी दुपारी तीनला त्यांना बोलावलं. सुनीताचा, म्हणजे माझ्या बायकोचा, एम.ए.चा प्रबंध पाचपर्यंत पाठवायचा होता. पंचेचाळिशीत सुरू केलेलं शिक्षण, दोन वर्षांची मेहनत, आणि प्रबंधाची एकुलती एक प्रत पोटात घेऊन कॉम्प्युटर बसला होता बंद पडून.

"आधी पापनिवेदन," काका म्हणाले. "कोणी काय दाबलं?"

"अपडेट चालू असताना मी बटण बंद केलं," मी कबूल केलं. त्यावर सुनीताने माझ्याकडे कसं पाहिलं, ते लिहीत नाही.

काकांचा पेनड्राइव्हसुद्धा त्यांच्या शर्टाच्या खिशातून मीच काढायचा. त्याच्यावरून मशीन चालू करायचं आणि आतली फाइल बाहेर काढायची, एवढंच काम.

"बाय, चालू होताना एफ-बारा दाब. दाबत राहा."

सुनीताने दाबलं. यादी आली, तीत पेनड्राइव्ह नाही. काकांनी सेटिंगमध्ये शिरायला लावून 'सिक्युअर बूट' बंद करवलं, यूएसबीला पहिला नंबर देववला. पुन्हा तीच यादी. सव्वाचार झाले. सुनीता मुदत मागायला कॉलेजातल्या मॅडमना फोन करत गॅलरीत गेली.

"सायबा!" काका उद्गारले. "पुढचं पोर्ट मेलंय. मागच्यात लाव."

कॉम्प्युटरचा डबा भिंतीला चिकटलेला. मी तो दोन्ही हातांनी तिरका करून धरला. "काका, तुम्हीच लावा!"

काका हलेनात.

"काका, लवकर!" मी ओरडलोच.

मग पाठीमागचा हात पुढे आला. तो इतका थरथरत होता, की पेनड्राइव्ह पोर्टाच्या आजूबाजूला तीनदा आपटला. चौथ्यांदा त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, तेव्हा कुठे आत गेला.

"भोक अरुंद हाय," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

"हो काका, पहिल्यापासूनच." 'इन्स्पेक्टर' आठवून मला माझीच लाज वाटली.

सुनीता परतली. काकांचे हात पुन्हा पाठीमागे. "बाय, दाब." या वेळी पेनड्राइव्ह यादीत दिसला. पाचला सात मिनिटं कमी असताना प्रबंध गेला आणि सुनीता रडत रडत हसली.

मी चहा केला.

"ड्युटीवर..."

"ड्युटी संपली, काका." मोठ्या स्टीलच्या पेल्यात अर्धाच चहा ओतून मी टेबलावर ठेवला, कुंड्यांना पाणी घालायचं निमित्त करून सुनीताला गॅलरीत नेलं आणि दार ओढून घेतलं.

परत आलो तेव्हा पेला रिकामा होता. टेबल रुमालाने पुसलेलं होतं.

"साखर कमी पडली," काका म्हणाले. "पुढच्या टायमाला बघ."