आरवाड्यांच्या स्वयंपाकघराला कुणी विचारलं नाही

"आरवाड्यांचं स्वयंपाकघर घर सोडून चाललंय," असं मंगल गिरणीत सांगत होती. ती पुढे काही बोलणार तेवढ्यात गिरणीवाल्याने तिची ज्वारी ओतली आणि बाकीचं वाक्य घरघरीत गेलं.

मी माझा डबा तिथेच ठेवून निघाले. आरवाडे माझे शेजारी, मध्ये कुंपणाची एक भिंत तेवढी. त्यांची खोली घर सोडून जायची आणि मला ते गिरणीत कळायचं, हे काही बरं दिसत नाही.

घरात काम निघालंय हे मला माहीत होतं. आरवाड्यांची सून त्रिशला घरी बसून कंपनीचं काम करते. तिच्या कंपनीची गिऱ्हाइकं परदेशात, आपल्याकडे दिवेलागण झाली की त्यांची सकाळ होते. त्यामुळे तिच्या मीटिंगा संध्याकाळी सुरू होतात आणि ती पोरीला मांडीवर घेऊन पलंगावरून बोलते. कंपनीने आता कळवलं होतं की दार लागेल अशी वेगळी खोली सोमवारी कॅमेऱ्यावर दाखवा, नाहीतर पुण्याच्या ऑफिसात या. त्रिशला पुण्याला गेली म्हणजे पोर गेली, आज ना उद्या तिचा नवरा सम्मेदही जाणार. मग मिरजेच्या त्या घरात तिचे सासरे अण्णा आणि सासू आक्का दोघंच उरणार. आक्का हे बोलत नव्हत्या, पण आठवडाभर त्यांच्या भाजीत मीठ नव्हतं. वाटी माझ्याकडे येते म्हणून मला माहीत.

जुन्या घरात बदल करायचा तर आधी खोल्यांची संमती घ्यावी लागते. माझ्या माहेरी एकाने न विचारता माजघर कापलं, तर उरलेलं अर्धं रागाने रस्त्यावर जाऊन बसलं. अजून तिथेच आहे. एसटी त्याला वळसा घालून जाते.

म्हणून दस्तगीर मिस्त्रींनी अण्णांना सोबत घेऊन रीतसर एकेका खोलीला विचारलं होतं. पुढचा सोपा म्हणाला, मला कापलंत तर लग्नाची पत्रिका घेऊन येणारी माणसं बसवणार कुठे? मधल्या खोलीने आपल्या तुळईत कळ येते असं सांगितलं आणि पुढे काही ऐकून घेतलं नाही. कोठी बिचारी तयार होती, पण तिला खिडकी नाही. त्रिशलाचं तोंड कॅमेऱ्यात काळं दिसलं असतं, शिवाय पोत्यांचं म्हणणं वेगळं घ्यावं लागलं असतं.

मी पोचले तेव्हा अण्णा, मिस्त्री आणि त्रिशला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे होते. आक्का आत ओट्याला टेकून होत्या. कुणी मला या म्हणालं नाही, तरी मी पुढे झाले.

मिस्त्रींनी मला हलक्या आवाजात झालं ते सांगितलं. सगळ्या खोल्यांना विचारून झालं, पण स्वयंपाकघराला विचारायचं राहिलं. त्याला सांगायची सवय, विचारायची नाही. ते सकाळी त्याला कळलं आणि आपण जातो म्हणून त्याने सांगून टाकलं.

अण्णा चाळीस लोकांच्या पंगतीला हुकूम सोडणारे गृहस्थ, पण तेव्हा टोपी काढून हातात धरली होती. म्हणाले, "चुकलं आमचं. पण तुला कशाला विचारायचं म्हटलं? तुझ्याशिवाय भागतंय होय आमचं?"

"दिवसा भागत नाही," स्वयंपाकघर म्हणालं. "दिवस मावळल्यावर काय?"

आरवाडे जैन. दिवस मावळायच्या आत त्यांची जेवणं होतात, ओटा पुसला जातो आणि दिवा मालवून दार ओढून घेतात. ते सकाळी उघडायचं. त्या घरात स्वयंपाकघर इतकी वर्षं रोज संध्याकाळी अंधारात बसून होतं आणि हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आक्कांच्या आलं असावं. त्या पदराने ओट्याचा कोपरा पुसत राहिल्या.

त्रिशला उंबऱ्यावर बसली. तिने सरळ विचारलं, "तुम्हाला कुठं जायचंय?"

"कुठं असं नाही. जरा बाहेर. सकाळी दूध तापवायच्या आत येईन की."

"मग तुमची जागा संध्याकाळी मला द्याल?"

स्वयंपाकघराने थोडा विचार केला. भिंती, खिडकी आणि छप्पर इथेच ठेवतो, असं ते म्हणालं. ओटा, मांडणी, डबे आणि वास तेवढा घेऊन जातो. वास मागे ठेवला तर तुला भूक लागेल आणि तुला तेव्हा खाता येणार नाही.

मिस्त्रींना एक शंका होती. भिंती नसल्या तर त्याला स्वयंपाकघर म्हणायचं का?

"लग्नात अंगणात चुली मांडता, तेव्हा काय म्हणता?" आक्का पहिल्यांदाच बोलल्या, आणि मिस्त्रींनी ते मान्य केलं.

राहिला प्रश्न, जायचं कुठे. रस्त्यावर बसवणं बरं नव्हे, कुत्री येतात. मी म्हटलं, माझं परस मोकळंच आहे, शेवग्याखाली सावली आहे, अर्थात संध्याकाळी सावलीचं काय करायचं म्हणा. आमचे हे गेल्यापासून तिकडे कुणी बसलेलं नाही.

कुंपणाची भिंत थोडी पाडावी लागणार होती, म्हणून तिलाही विचारलं. दोन्ही घरांची बोलणी ऐकून कान किटले, एक वाट केलीत तर हवाच लागेल, असं तिचं म्हणणं पडलं.

रविवारपर्यंत मिस्त्रींनी मधल्या खोलीकडच्या बाजूला कडीचं दार बसवलं आणि खिडकीखाली विजेचे पॉइंट काढून दिले. सोमवारी जेवणं उरकल्यावर सम्मेदने गॅस बंद करून नळी सोडवली. स्वयंपाकघर मागच्या अंगणातून सावकाश निघालं. सवय नव्हती, त्यामुळे वाटेत डबे थोडे वाजले.

कंपनीच्या माणसाने कॅमेऱ्यात भिंत बघितली, खिडकी बघितली, दार लावून दाखवा म्हणाला. मी दारामागेच होते. आधी इथे काय होतं, असं त्याने विचारलं. त्रिशला म्हणाली, स्वयंपाकघर. आता कुठं आहे? शेजारी गेलंय, ती म्हणाली. बरं, म्हणाला, आणि खोली मंजूर झाली.

परवा गिरणीत मंगल भेटली. त्या दिवशी पुढे काय म्हणणार होतीस, मी विचारलं. म्हणाली, "घर सोडून चाललंय आणि परत येणार नाही, असं ऐकलं होतं."

"निम्मं खरं आहे," मी म्हटलं. "रोज येतंय की परत."

संध्याकाळी आक्काही त्याच्याबरोबर माझ्या परसात येतात. लक्ष ठेवायला, असं सांगतात. ओट्याला टेकून बसतात आणि पुण्याचं नाव काढत नाहीत. माझी भाकरी अंधार पडल्यावर होते, तेव्हा दोघंही दुसरीकडे बघतात. त्यांच्या घरात दिवसभर काय शिजलं, हे मी स्वयंपाकघराला दोनदा विचारून पाहिलं, पण ते घरातलं बाहेर सांगत नाही.

काल सांडशी माझ्याकडे राहिली. सकाळी द्यायला निघाले, तर आक्का भिंतीच्या वाटेतून म्हणाल्या, "राहू दे गं इंदू. संध्याकाळी यायचंच आहे."