आटलेला ढग

आइझिरेकचा ढग सासूबाईंना पहिल्यापासूनच कच्चा वाटत होता.

गावामागच्या टेकडीवर, उंच काठ्यांवर तिने पांढऱ्या नमद्याचा, म्हणजे लोकर दाबून केलेल्या कापडाचा, घराएवढा ढग तरंगत ठेवला होता. लोकर मुद्दाम विरविरीत लाटलेली. ऊन त्यातून झिरपे. वारा आला की ढग झोपेत कूस बदलल्यासारखा हले. शहरातल्या समितीला पसंत पडला, तर तो तळ्याकाठी कायमचा उभा राहणार होता. आइझिरेकला दुसरं काही सुचत नव्हतं.

"अगं, बोट घातलं तर पलीकडे निघतंय!"

"आई, ते शिल्प आहे."

"असेल. पण नमदा कच्चा राहिला तर सुनेला कोण हसतं? सासूला हसतात."

आइझिरेक समितीला आणायला खाली रस्त्यावर गेली, आणि सासूबाईंनी, बुरुल्चाबाईंनी, गावातल्या बायकांना हाका मारल्या. नमदा तुडवायला बोलावलं की नाही म्हणायची तिथे रीत नाही. ढग उतरला. त्यावर कढत पाणी पडलं. चटईत गुंडाळून तो घोड्यामागे कुरणभर फरफटवला, मग गाणी म्हणत कोपरांनी रगडला.

आइझिरेक पाहुण्यांना घेऊन वर आली तेव्हा काठ्या एकमेकींजवळ सरकल्या होत्या आणि त्यांवर पुन्हा चढवलेला ढग जेमतेम ओसरीएवढा उरला होता. खाली बायका चहा पीत होत्या.

"आई! माझा ढग?"

"हा काय! आटलाय थोडा. पण पक्का झाला."

समितीचे तोलोगोनसाहेब मान वाकडी करून बघत राहिले. "बाई, चित्रात तर ह्यातून आकाश दिसत होतं..."

तेवढ्यात गारा कोसळल्या. सगळे ढगाखाली घुसले. वर ताशा वाजत होता, आत थेंब नाही. ओल्या मेंढीच्या वासात, गरम चहाच्या वाफेत साहेबांचे डोळे हळूहळू मिटू लागले.

"मंजूर," ते पेंगतच म्हणाले. "हाच तळ्याकाठी नेऊ."

"हा नाही मिळायचा," बुरुल्चाबाई म्हणाल्या. बायकांनी माना डोलावल्या. "हा आता गावाचा. तुम्हाला सूनबाई दुसरा करून देईल. विरविरीत. तिला तसलाच जमतो."

"आकाश दिसेल ना त्यातून?"

"दिसेल की. पावसात डोक्यावरही येईल."

आइझिरेकने हसू लपवायला चहाचा वाडगा वर धरला.

पुढच्या उन्हाळ्यात तळ्याकाठी तिचा ढग तरंगू लागला. माणसं त्याच्याखाली आडवी होऊन तासन्‌तास वर बघत राहत. उद्घाटनाला सासूबाई मानाने पुढच्या रांगेत बसल्या होत्या. आभाळ निरभ्र होतं, तरी छत्री उघडून.